साळूबाईच्या विहिरीचं पान

१

वाचनालयाचं कुलूप काढत असतानाच कालिंदी देवगावकरला मागून हाक आली. पायरीखाली द्वारकाबाई उभी होती. कमरेवर रिकामी घागर, हातात घडी घातलेला कागद.

"बाई, आमची हीर बुजवली," ती म्हणाली. "दिवस उगवायलाच जेसीबी आला. आम्ही आडवं झालो तर हा कागद पुढं केला. म्हणले, तुमच्याच वाचनालयाचा हाय."

२०१६ सालचा एप्रिल होता. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. जायकवाडीनं तळ गाठला होता आणि नळाला पाणी कधी येईल हे नळवाल्यालाही सांगता येत नव्हतं. गारखेड्याच्या पल्याड, जिथं नव्या इमारतींचे खांब शेतांत उभे राहत होते, तिथं द्वारकाबाईची वस्ती होती. वस्तीला एकच आधार होता, साळूबाईची विहीर. त्या विहिरीचं पाणी कालिंदी स्वतः प्यायलेली होती.

तिनं कागद उलगडला. वाचनालयाच्या विकीवरच्या पानाची ती छापील प्रत होती. वर वाचनालयाचं नाव, खाली मजकूर: "साळूबाईची थोरली विहीर. साळूबाईची विहीर या नावानंही ओळखली जाते. बहात्तरच्या दुष्काळात आटली. त्यानंतर वापरात नाही. काठ ढासळलेला असून काठावर पिंपळ वाढला आहे. गुरं पडण्याचा धोका आहे."

लोकांच्या वापरातली विहीर बुजवायला परवानगी मिळत नाही. बंद पडलेल्या, धोक्याच्या विहिरीला मिळते. ऋतुराज या बिल्डरनं परवानगीच्या अर्जाला हाच कागद जोडला होता.

कालिंदीनं घाईनं संगणक लावला. साळूबाईच्या विहिरीचं पान तिनं स्वतः लिहिलं होतं. "पाणी बारमाही. वस्तीतल्या सगळ्या घरांना पुरतं," असं तिचं वाक्य होतं आणि पुढं सांगणाऱ्या बायकांची नावं. त्यातलं काहीच आता पानावर नव्हतं. तिनं पानाचा इतिहास उघडला. हा बदल फेब्रुवारीतल्या एका दुपारी झाला होता आणि बदल करणारीचं नाव समोर स्वच्छ दिसत होतं.

सुरेखा.

२

सुरेखा वाचनालयातली सहायक. वाघचौऱ्यांच्या शेतकरी घरातली सून, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम करत करत नोकरी करणारी. कालिंदीनंच तिला निवडलं होतं. घरी पिठलं केलं की ती डब्यात दोघींपुरतं आणायची.

विकीची कल्पना मागच्या दुष्काळातली. तेव्हा लोक वाचनालयात पुस्तकांऐवजी पाण्याची चौकशी करायला येऊ लागले. कुठल्या विहिरीला पाणी आहे, कुठला बोअर आटला, टँकरसाठी कुणाला फोन करायचा. तेच प्रश्न रोज नव्यानं सोडवण्यापेक्षा एकदा मिळालेलं उत्तर सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवावं, असं कालिंदीला वाटलं. मिहिर नावाच्या वाचकानं, जो एका कंपनीत संगणकाचं काम बघायचा, सुट्टीच्या दिवशी बसून तो विकी उभा करून दिला. सभासदानं नाव नोंदवायचं आणि पान उघडून भर घालायची, चूक दिसली तर सुधारायची. कुणी, केव्हा, काय बदललं हे तिथं राहतं आणि जुना मजकूरही पुसला जात नाही.

त्यावर लिहायची शिस्त मात्र मधुसूदन सेलूकर सरांनी घालून दिली. सर कालिंदीच्या आधीचे ग्रंथपाल. ती कॉलेजातून बाहेर पडून या वाचनालयात आली तेव्हा तिला पुस्तकाला हात कसा लावायचा इथपासून त्यांनी शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही ते रोज यायचे आणि जुन्या कार्डांच्या लाकडी कपाटाशेजारी वाचत बसायचे. कुणी तोंडी सांगितलेलं लिहायचं तर सांगणाऱ्याचं नाव द्यायचं आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवून विचारायचं, 'असंच ना?' कालिंदीनं ही रीत विकीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला शिकवली होती.

सुरेखा आली तेव्हा कालिंदीनं कागद तिच्यापुढं ठेवला आणि हे का केलंस म्हणून विचारलं.

सुरेखानं कागद वाचला. तिचा चेहरा उतरला. बदल तिनंच केला होता, हे तिनं लगेच कबूल केलं. एकाच विहिरीची दोन पानं झालीत असं तिला कळलं, म्हणून तिनं ती एकत्र केली. कुणी सांगितलं, या प्रश्नावर मात्र ती गप्प झाली. कालिंदीनं परत परत विचारलं, तेव्हा ती बाहेर जाऊन एक फोन करून आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, रविवारपर्यंत थांबा. मग कळंल."

रविवारी वाचनालयाच्या समितीची बैठक होती.

मिहिरनं फोनवर सांगितलं की कुणी बाहेरून घुसल्याचं दिसत नाही. सुरेखाच्या नावानं झालेला बदल वाचनालयातल्याच संगणकावरून झाला होता. त्याच्याकडे विकीची सगळी कुलपं उघडायची किल्ली होती, हे त्यानं स्वतःहून बोलून दाखवलं, आणि हवं तर माझ्यावरही संशय घ्या म्हणाला.

दुपारी समितीचे अध्यक्ष नानासाहेब आले. मोठे जमीनदार, बोलणं रोखठोक. ऋतुराज त्यांचा पुतण्या, त्यामुळं या प्रकरणानं त्यांच्याही नावाला डाग लागत होता. सगळ्या वाचकांसमोर त्यांनी सुरेखाला विचारलं, तुझा दीर ऋतुराजच्या गाडीवर ड्रायव्हर आहे ना? सुरेखानं मान हलवली. मग आणखी काय पाहिजे, असं म्हणून त्यांनी रविवारी तिला काढून टाकण्याचा ठराव घ्यायला सांगितला.

कालिंदी शेजारीच उभी होती. तिनं सुरेखाची बाजू घेतली नाही. नानासाहेब गेल्यावर तिनं सुरेखाकडून कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि मिहिरला सांगून विकीवरचं तिचं नाव बंद केलं. सुरेखानं जुडगा टेबलावर ठेवला आणि ती घरी गेली.

संध्याकाळी कालिंदीनं तो कागद पुन्हा वाचायला घेतला आणि एका शब्दावर अडली. पिंपळ. ती त्या विहिरीवर कितीदा गेली होती. तिथं रहाट होता, धुण्याचा दगड होता. पिंपळ नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर गेली. विहिरीच्या जागी मुरूम आणि फुटक्या विटांचा ढीग होता. बायका टँकरच्या वाटेकडे बघत बसल्या होत्या. कुणी तिच्याशी भांडलं नाही. बसायला पोतं दिलं, पाणी मात्र कुणी विचारलं नाही, आणि ते तिला भांडणापेक्षा जास्त लागलं.

तिनं पिंपळाचं विचारलं. द्वारकाबाई तिला एका पडक्या वीटभट्टीच्या मागं घेऊन गेली. तिथं मातीनं भरलेला एक गोल खळगा होता. काठ ढासळलेला. काठातून पिंपळ उगवून चांगला वाढलेला.

ही थोरली, द्वारकाबाई म्हणाली. साळूबाईनं दोन विहिरी खोदल्या. थोरली बहात्तरला आटली. धाकटीवर वस्ती जगत होती, आणि तिलाच सगळे नुसतं साळूबाईची विहीर म्हणत.

कालिंदी खळग्याकडे बघत राहिली. त्या पानावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं. विहीर तेवढी दुसरी होती. कुणीतरी आधी मेलेल्या विहिरीचं खरंखुरं पान तयार केलं होतं आणि मग जिवंत विहीर त्यात मिसळून टाकली होती. थोरलीचं पान जानेवारीत लिहिलं गेलं होतं, वाचनकक्षातल्या संगणकावरच्या 'वाचक' या सगळ्यांच्या सामाईक नावानं.

थोरलीची चौकशी करायला कुणी आलं होतं का, असं तिनं विचारलं. द्वारकाबाईला माहीत नव्हतं, पण तिच्या सासूला, मनकर्णाबाईला, आठवलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते, तिला माणसं आवाजावरूनच कळायची. संक्रांतीच्या आसपास एक गृहस्थ आला होता म्हणाली. बाकीच्या बाया कामाला गेलेल्या. थोरली कधी आटली, तिच्यात काय पडलं, पिंपळ कधी आला, सगळं त्यानं हळूहळू विचारलं.

"लई मायेचा माणूस," मनकर्णाबाई म्हणाली. "मला अहोजाहो करत व्हता. लिवलेलं समदं वाचून दाखवलं. म्हणला, असंच ना? मी म्हणलं, व्हय."

लिहिलेलं वाचून दाखवून 'असंच ना?' विचारायची रीत कालिंदीनं ओळखली. हा माणूस ऋतुराजचा नव्हता. तो वाचनालयाचा होता.

४

ऋतुराजचं ऑफिस नव्या रस्त्याला लागून होतं. त्यानं तिला मानानं बसवलं, थंड पाणी मागवलं. विहिरीबद्दल त्याला कसलीच खंत दिसत नव्हती. आपण रीतसर परवानगी काढली, कागद वाचनालयाचा आहे, चूक असेल तर ती वाचनालयाची, असं तो शांतपणे म्हणाला. सुरेखाचं नाव काढल्यावर तो हसला. ड्रायव्हरच्या भावजयीशी आपण कधी बोललोसुद्धा नाही म्हणाला.

"मॅडम, तो कागद मी मागितला नव्हता. मला आणून दिला. आणि वाईट कशाला वाटून घेता? फायदा तुमचाच आहे."

त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. विहिरीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीचा तळमजला होता तो. अर्धा मजला वाचनालयाला कायमचा द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. काकांना, म्हणजे नानासाहेबांना, हे अजून माहीत नव्हतं, इमारत उभी राहिल्यावर सांगायचं होतं. मग बोलणी कुणाशी झाली, असं कालिंदीनं विचारलं. ते तुमच्यातच बघा, एवढंच म्हणून तो उठला.

कालिंदी नकाशापाशी गेली. गेली कित्येक वर्षं वाचनालय भाड्याच्या गळक्या जागेत होतं. पावसाळ्यात पुस्तकांवर प्लॅस्टिक टाकावं लागायचं, उन्हाळ्यात वाळवी काढावी लागायची. नकाशात मात्र सगळं हवं तसं होतं. उत्तरेच्या उजेडाला वाचनकक्ष. बालविभाग वेगळा. संदर्भग्रंथ भिंतीला. आणि दारातून आत शिरताच उजव्या हाताला, बारीक अक्षरात: कार्डांचं कपाट.

वाचनालयात कार्डं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता पुस्तक शोधायला संगणक होता. ते कपाट मोडीत काढायचा विषय निघाला तेव्हा नानासाहेब हो म्हणाले होते, मिहिर हो म्हणाला होता, कालिंदीही हो म्हणाली होती. सुरेखा आली तेव्हा तर कार्डं इतिहासजमा झाली होती. एकच माणूस आडवा आला होता.

ती वाचनालयात परतली आणि तिनं सुरेखाच्या बदलाची नोंद पुन्हा उघडली. बदल करताना कारण लिहायला एक छोटी ओळ असते. घाईत ती तिनं नीट वाचली नव्हती. तिथं लिहिलं होतं: "साळूबाईची विहीर. पाहा: साळूबाईची थोरली विहीर."

सुरेखा विकीवर नेहमी बोलल्यासारखं लिहायची. 'इथं बघा', 'ही दोन पानं सारखी हायत'. 'पाहा' हा शब्द तिच्या हातून कधी आलेला नव्हता. तो जुन्या कार्डांवरचा शब्द होता. एकाच विषयाची दोन नावं असली की पहिल्या कार्डावर पाहा लिहून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. अक्षरं सुरेखानं दाबली होती. वाक्य तिला कुणीतरी सांगितलं होतं.

कालिंदीनं मागं वळून पाहिलं. कपाटाशेजारची खुर्ची रिकामी होती. विहीर बुजल्यापासून सर वाचनालयात आलेच नव्हते.

५

सरांचं घर गारखेड्यातच होतं. त्यांनी स्वतः दार उघडलं. तिला बघून ते दचकले नाहीत, ये म्हणाले. तिनं चपला काढल्या, नेहमीच्या वेताच्या खुर्चीवर बसली आणि आपल्याला काय काय सापडलं ते एकामागून एक सांगितलं. म्हातारीला मजकूर वाचून दाखवणारा माणूस. नकाशातलं कपाट. सुरेखाच्या नोंदीतला शब्द. तिनं एखादं पुस्तक नीट समजून घेतलं की सर जसे ऐकायचे तसे ऐकत होते.

"सर, साळूबाईच्या विहिरी दोन आहेत हे तुम्हाला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली.

"होतं."

मग ते बोलू लागले. तीस वर्षं त्यांनी जागेसाठी अर्ज केले होते. कितीतरी दुर्मीळ पुस्तकं त्यांनी डोळ्यांदेखत वाळवीच्या मातीसकट फेकून दिली होती. त्या भागात इमारती येणारच, विहीर आज ना उद्या जाणारच होती. ती फुकट जाण्यापेक्षा तिच्या बदल्यात ग्रंथांना कायमचं छप्पर मिळालं तर त्यात वाईट काय, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलं नव्हतं. ते खरंही होतं.

"त्या पानावरचं एक वाक्य खोटं काढून दाखव मला," ते म्हणाले.

"खोटं एकही नाही, सर. म्हणून तर मला शोधायला वेळ लागला." कालिंदी म्हणाली. "पण सुरेखाच का? तुमचंही नाव आहे विकीवर. तुमच्या नावानं बदल केला असता तरी कुणी शंका घेतली नसती."

सर उठले आणि खिडकीचा पडदा ओढू लागले.

"शंका आलीच, तर लोक तिच्या दिरापाशी येऊन थांबतील, हे तुम्ही आधीच धरून चालला होतात," ती म्हणाली.

त्यांनी नाही म्हटलं नाही. सुरेखाला त्यांनी काय सांगितलं होतं ते मग हळूहळू बाहेर आलं. दोन्ही एकच विहीर आहे, कालिंदीशी माझं बोलणं झालंय, तू फक्त पानं एकत्र कर. विहीर बुजली त्या दिवशी सुरेखानं वाचनालयाबाहेर जाऊन त्यांनाच फोन केला होता, रडत. रविवारी मी बैठकीत येऊन सगळं सांगतो, तोवर माझं नाव घेऊ नकोस, असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

रविवारी येणार आहात का, असं कालिंदीनं विचारलं.

सर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. कालिंदी उठली. एवढ्या वर्षांत या घरातून त्यांच्या पाया न पडता ती पहिल्यांदाच निघाली.

६

रविवारी सर आले नाहीत. सुरेखा मात्र आली होती. भिंतीला टेकून ती दाराकडे डोळे लावून बसली होती. बैठक सुरू झाली, नानासाहेबांनी ठराव वाचायला घेतला, तरी तिची नजर दारावरून हलली नाही. मग कालिंदी उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. सरांचं नाव घेताना तिला दोनदा थांबावं लागलं. सुरेखानं एकदाच मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

मग एका सभासदानं सुचवलं की झालं ते झालं, सरांचं नाव बाहेर कशाला काढायचं, आणि हॉल मिळतोय तर तो तरी का सोडायचा. नानासाहेबांनी त्याला हातानंच गप्प केलं. पुतण्यानं आपल्यापासून एवढी गोष्ट लपवली हे त्यांना भलतंच झोंबलं होतं. तहानलेल्या वस्तीच्या पाण्यावर बांधलेल्या हॉलमध्ये मी अध्यक्ष म्हणून पाय ठेवणार नाही, असं ते म्हणाले आणि हातातला ठराव त्यांनी फाडून टाकला. सुरेखाकडे बघून माझं चुकलं म्हणाले. एवढा मोठा माणूस भर बैठकीत असं म्हणतो हे कुणी पाहिलं नव्हतं.

पुढचं काम कालिंदीनं केलं. विकीवर पानाचं जुनं रूप शाबूत होतं. ते परत आणायला वेळ लागला नाही. थोरली आणि धाकटी अशी दोन वेगळी पानं झाली, बायकांची नावं जागच्या जागी आली, आणि मधल्या काळात कुणी काय केलं तेही तिनं चर्चेच्या पानावर सरांच्या नावासकट लिहिलं. या सगळ्याच्या प्रती जोडून वस्तीनं अर्ज केला. नानासाहेब स्वतः बायकांबरोबर परवानगी देणाऱ्या कार्यालयात गेले. काम थांबलं. परवानगी रद्द झाली आणि विहीर मोकळी करून द्यायचा हुकूम ऋतुराजला निघाला. ज्या जेसीबीनं मुरूम टाकला होता त्यानंच तो उपसला. तळाशी आधी नुसता चिखल लागला. पुढं काही दिवसांनी पाणी झिरपू लागलं, गढूळ, आधीपेक्षा कमी. वस्तीनं फडक्यानं गाळून ते भरायला सुरुवात केली.

सरांकडे त्यानंतर वाचनालयातलं कुणी गेलं नाही. पुस्तकं न्यायलाही त्यांनी कुणाला पाठवलं नाही.

सुरेखाच्या किल्ल्या कालिंदीनं बैठक संपल्याबरोबर तिच्यापुढं धरल्या होत्या. सुरेखानं त्या घेतल्या नाहीत. दोन दिवसांनी तिचा राजीनामा आला. तिचा शेवटचा पेपर व्हायची वाट बघून कालिंदी तिच्या घरी गेली. सासूनं पाणी दिलं, सुरेखानं चहा टाकला. एका कॉलेजच्या ग्रंथालयात जागा निघाली होती, तिथं ती रुजू होणार होती. कालिंदीनं तिला परत यायची विनवणी केली. सरांनी आपल्या दोघींनाही फसवलं, असं ती म्हणाली.

सुरेखा कप विसळत होती. ती थांबली.

"सरांनी फसवलं, ते लागलंच ताई," ती म्हणाली. "पण सर मला कितीसं ओळखत व्हते? तुम्ही ओळखत व्हता. तुम्ही त्या दिवशी मला विचारलंच नाही, हे तू केलंस का म्हणून. का केलंस, असं विचारलं."

चहा प्यायला लागेल तेवढा वेळ कालिंदी बसली. निघताना सुरेखा फाटकापर्यंत आली, कालिंदीच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली, ऊन लई हाय, रिक्षानं जा म्हणाली. परत या असंही म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं.

जूनमध्ये वाचनालयानं सहायकाच्या जागेसाठी जाहिरात दिली. तिचा मजकूर कालिंदीनं स्वतः लिहिला.